साडेनऊ क्विंटलचा लॅपटॉप

विद्यार्थ्यासाठी वेगवान आणि तरीही परवडणारा लॅपटॉप निवडणे ही वरकरणी एका व्यक्तीची खरेदी असली, तरी लातूर जिल्ह्यात ती कुटुंब, भावकी, शेजार आणि पुण्याला राहणारा किमान एक नातेवाईक यांनी मिळून पार पाडावयाची प्रदीर्घ प्रक्रिया आहे, आणि या प्रक्रियेत ज्याच्यासाठी लॅपटॉप घ्यायचा त्या विद्यार्थ्याचे मत सर्वांत शेवटी, तेही ‘रंग कोणता पाहिजे’ एवढ्यापुरतेच विचारले जाते. बारावीचा निकाल, सीईटी आणि केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या आटोपून नांदेडला, पुण्याला किंवा लातुरातच अभियांत्रिकीचा प्रवेश पक्का झाला की या प्रक्रियेचा हंगाम उघडतो. तो साधारणपणे सोयाबीनच्या राशी होईपर्यंत चालतो, आणि घरातील मंडळी विशेष विचारी असली, तर विद्यार्थ्याची पहिली सत्रपरीक्षाही त्यातच उरकून जाते.

या विद्यार्थ्याची पूर्वपीठिका ध्यानात घेणे आवश्यक आहे. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी नावारूपाला आणलेल्या ‘लातूर पॅटर्न’मध्ये, म्हणजे नेमका अभ्यास, सराव परीक्षा आणि त्यानंतर पुन्हा सराव परीक्षा या शिस्तीत, अकरावी-बारावीच्या मुलाला इंटरनेटपासून दूर ठेवणे हे पालकाचे आद्य कर्तव्य मानले जाते, आणि म्हणून क्लासजवळ खोली करून राहिलेल्या अनेक मुलांच्या हाती बटणांचा साधा फोन असतो, ज्यावर घरी बोलता येते आणि फार तर सापाचा खेळ खेळता येतो. दोन वर्षे या सापाच्या संगतीत काढलेल्या मुलाने प्रवेश मिळताच ‘एनव्हीएमई घ्यावा की साटा’ या साठवणीच्या जोडणीविषयीच्या प्रश्नाचे ठाम उत्तर द्यावे, अशी अपेक्षा केली जाते. तो ते देतोही, कारण चार पर्यायांतून एक निवडण्याचा त्याला अफाट सराव असतो आणि काही परीक्षांत उत्तर चुकले तर एक गुण कापला जातो, हे तो जाणून असतो. येथे उत्तर चुकले तर पन्नास हजार कापले जातात, ही दुरुस्ती वडील करतात.

निवडीतील पहिला घोटाळा प्रोसेसरच्या, म्हणजे लॅपटॉपमधील सगळी गणिते करणाऱ्या मुख्य चीपच्या नावापासून सुरू होतो. इंटेल कंपनीने आपल्या प्रोसेसरांना आय-३, आय-५, आय-७ अशी नावे दिली, तेव्हा गुणांवर जगणाऱ्या शहरात ती कशी वाचली जातील, याचा विचार तिने केला नसावा. लातुरात आय-३ म्हणजे काठावर पास, आय-५ म्हणजे फर्स्ट क्लास आणि आय-७ म्हणजे बोर्डात आलेला, असा सरळ अर्थ लावला जातो, आणि चांगल्या पर्सेंटाइलच्या मुलाला आय-३ घेऊन देणे हा मुलाचाच नव्हे, तर त्याच्या क्लासचाही अपमान ठरतो.

“लेकराला किती पडले म्हणलाव?”

“अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा.”

“आन् लॅपटॉप आय-थ्री? लोक काय म्हणतील ओ?”

वस्तुस्थिती अशी की, या नावाचा खरा अर्थ त्याच्या मागून येणाऱ्या आकड्यात दडलेला असतो, कारण त्या आकड्याच्या आरंभी प्रोसेसरची पिढी, म्हणजे तो केव्हाच्या घडणीचा आहे, हे नोंदवलेले असते. २०१६ मध्ये बाजारात आलेल्या सातव्या पिढीतील आय-५ ७२००यू या प्रोसेसरात दोन कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारी दोन गणनकेंद्रे आहेत, तर २०२२ मधील बाराव्या पिढीच्या आय-३ १२१५यू मध्ये ती सहा आहेत. म्हणजेच काठावर पास झालेला हा नातू फर्स्ट क्लास मिळवलेल्या आजोबांना सहज मागे टाकतो. अखेरचे अक्षरही निरर्थक नसते: ‘यू’ असलेला प्रोसेसर वीज जपून वापरतो, ‘एच’ असलेला जोरात पळतो आणि तापतो. एएमडी या दुसऱ्या कंपनीने याहून बारकाईने विचार केलेला दिसतो, कारण तिचा रायझन ५ ७५२०यू हा प्रोसेसर नावावरून अगदी ताजा वाटत असला आणि २०२२ मध्ये जाहीर झालेला असला, तरी त्यातील गाभ्याची रचना २०१९ च्या झेन-२ या घडणीची आहे, आणि ही गोष्ट कंपनीने लपवलेली नाही. नावातील तिसरा अंक, म्हणजे तो २, नेमके हेच सांगतो. ग्राहकाची नजर मात्र किमतीच्या पहिल्या अंकावरून हलत नसल्याने हा प्रामाणिकपणा वाया जातो.

यानंतर सल्लागारांचा वर्ग येतो, आणि विषयाचा खरा विस्तार येथेच आहे. फैयाजुद्दीन या नगररचनाकाराच्या आराखड्यानुसार १९१७ मध्ये उभ्या राहिलेल्या लातूरच्या गंजगोलाई या गोल बाजारपेठेला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि दागिन्यांपासून मिरची-गुळापर्यंत जवळजवळ प्रत्येक मालाची बाजू ठरलेली असल्याने तेथे नवखा माणूसही चुकत नाही. लॅपटॉपच्या सल्ल्याचे रस्तेही भरायला बसले तर सोळाच भरतील, फक्त ते कोणत्याही गोलाला मिळत नाहीत. त्यांतील मानाचा रस्ता पुण्याच्या दाजींचा असतो. दाजी हिंजवडीला ‘आयटीत’ असतात. तेथे ते नेमके काय करतात, याची चौकशी सासुरवाडीत कुणी कधी केलेली नसते, आणि कर्मचाऱ्यांना नेणाऱ्या-आणणाऱ्या बसगाड्यांचे वेळापत्रक ते सांभाळतात, ही माहिती लॅपटॉपच्या प्रश्नाशी संबंधित नसल्याने त्यांनीही ती आपण होऊन दिलेली नसते. फोनवर दाजींचे मत एका वाक्यात मिळते: “मी वापरतो तोच घ्या, डोळे झाकून.” दाजी वापरतात तो लॅपटॉप कंपनीने दिलेला असतो आणि त्याची किंमत, ती कधीच मोजावी न लागल्यामुळे, दाजींनाही ठाऊक नसते; पुढे ती दुकानात कळते, तेव्हा सासरे झाकलेले डोळे उघडतात.

दुसरे सल्लागार म्हणजे शेजारचे सेवानिवृत्त गुरुजी, ज्यांच्या घरी बारा वर्षांपूर्वी मुलीच्या सासरकडून आलेला लॅपटॉप कापडी खोळीत ठेवलेला असतो. “आमचा एकदाबी बिघडला न्हाई,” असे ते सांगतात आणि ते खरेच असते, कारण तो एकदाही चालू केलेला नसतो. तिसरा सल्लागार चुलतभाऊ. त्याने यूट्यूबवरील परीक्षणे इतकी पाहिलेली असतात की ‘बेंचमार्क’, म्हणजे यंत्राची ताकद गुणांत मोजणारी चाचणी, हा शब्द त्याच्या तोंडी ‘जेवण झालं का’ या प्रश्नाइतक्या सहजतेने येतो. तो प्रत्येक लॅपटॉपचा एक दोष सांगून त्याला बाद करतो आणि अखेरीस बाजारात घेण्याजोगा एकही लॅपटॉप उरत नाही, तेव्हा समाधानाने चहा पितो. प्रस्तुत लेखकाचा स्वतःचा लॅपटॉप सुरू होईपर्यंत दूध तापून उतू जाते, यावरून ‘वेग’ या विषयावर मत देण्याचा त्याचा अधिकार वरील तिघांच्या तोडीचा आहे, हे वाचकाच्या लक्षात यावे.

दुकानातील संवाद हा या शास्त्राचा प्रायोगिक भाग होय. रॅम म्हणजे चालू कामापुरती माहिती हाताशी ठेवणारी तात्पुरती स्मृती आणि डिस्क म्हणजे वीज गेल्यावरही माहिती राखून ठेवणारी कायमची साठवण, हा भेद शेतकरी गिऱ्हाइकाला समजावा म्हणून हुशार विक्रेता मोंढ्याची, म्हणजे धान्यबाजाराची, उपमा वापरतो.

“काका, रॅम म्हणजे आडत दुकानाच्या पुढचा ओटा, आन् डिस्क म्हणजे मागचं गोदाम.”

काकांना सारे एका क्षणात कळते, आणि अडचण तेथेच सुरू होते.

“मग गोदाम मोठं द्या की. ओट्याचं काय, माल शेवटी गोदामातच जाणार. आमच्या आडत्याचा ओटा दोन बाजांएवढा हाय, धंदा कोटीचा करतोय.”

आपल्याच उपमेने चीत झालेला विक्रेता यावर काहीही बोलू शकत नाही, आणि चार जीबीचा ओटा व एक टीबीचे गोदाम असलेला लॅपटॉप बांधून देण्याची वेळ येते. वास्तविक विंडोज ११ ही प्रणाली कागदोपत्री चार जीबी रॅमवर चालते असे म्हटलेले असले, तरी त्यावर ब्राउझरच्या आठ-दहा खिडक्या उघडल्या की ती उभी राहते, एवढेच म्हणता येते. आजच्या विद्यार्थ्याला आठ जीबी ही किमान आणि सोळा ही सुखाची मर्यादा आहे. रॅम पुढे वाढवायची म्हणून आत एक जागा मोकळी असणे हिताचे, कारण काही पातळ लॅपटॉपांत ती मुख्य पटलावर कायमची डाग देऊन बसवलेली असते आणि मग चार वर्षे आहे त्या ओट्यावरच संसार करावा लागतो.

साठवणीबाबत गोंधळ आणखी रम्य आहे. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये एक चकती मिनिटाला ५,४०० फेरे घेते आणि सेकंदाला सुमारे शंभर एमबी माहिती वाचते; एसएसडी या चकतीविना चालणाऱ्या साठवणीत साटा जोडणीवर हाच वेग सुमारे ५५० एमबीपर्यंत जातो आणि एनव्हीएमई या थेट जोडणीवर स्वस्तातली एसएसडीही दोन हजार एमबी सहज ओलांडते. विद्यार्थी ज्याला ‘लॅपटॉप फास्ट आहे’ म्हणतो, तो अनुभव बहुतांशी येथून येतो. पण ५१२ जीबी हा आकडा एक टीबीच्या निम्मा असल्याने “अर्धा माल आन् भाव जास्त?” या प्रश्नापाशी तंत्रज्ञान थबकते. त्यात ‘याच्या आत काहीच फिरत नाही’ हे वैशिष्ट्य विक्रेत्याने अभिमानाने सांगितले, की उरलासुरला विश्वासही जातो, कारण ज्याच्या आत काहीच फिरत नाही, ते मशीन चालते कसे, हे इंजिनावर आयुष्य काढलेल्या माणसाला पटणे कठीण असते.

विद्यार्थ्याचे मत शेवटी विचारले जाते, असे वर म्हटले आहे, परंतु ते त्याला नसते असे नाही. त्याचे मत ग्राफिक्स कार्डाविषयी असते. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरील चित्रे वेगाने रेखाटणारी स्वतंत्र चीप. ती त्रिमितीय आराखडे, चित्रफितींचे संपादन आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग यांना खरोखरच उपयोगी पडते, आणि विद्यार्थी हे सर्व उपयोग पाठ म्हणून दाखवतो, फक्त ज्या एका उपयोगासाठी ती हवी असते, तो वगळतो. अशा लॅपटॉपच्या कळांखाली सात रंगांचे दिवे असतात. “असली लायटिंग गणपतीत लावतेत,” एवढ्या एका वाक्यात आई तो विषय निकालात काढते. विद्यार्थिनीच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही. ती कॉम्प्युटर शाखेला असली आणि भाऊ सिव्हिलला असला, तरी तिला ‘टायपिंगपुरता’ लॅपटॉप पुरेल, यावर घरात एकमत असते, आणि चार वर्षांनी भावाच्या प्रकल्पाचा प्रोग्राम तीच तिच्या टायपिंगपुरत्या लॅपटॉपवर लिहून देते.

आता परवडण्याचा प्रश्न. दुकानात किंमत रुपयांत सांगितली जात असली, तरी ती ऐकली जाते क्विंटलांत. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला होता. त्या हिशेबाने पन्नास हजारांचा लॅपटॉप जवळजवळ साडेनऊ क्विंटलला पडतो, आणि एकरी सात क्विंटल उतारा धरला, तर तो सव्वा एकराहून अधिक रान व्यापतो. मोंढ्यात बोली हमीभावाच्या खाली निघाली, की दुकानातील किंमत तीच राहूनही लॅपटॉप महागतो. “रॅम आठऐवजी सोळा घेऊ,” असे मुलगा म्हणतो, तेव्हा वडिलांच्या डोळ्यांसमोर एक पुरते क्विंटल घरातून चालत बाहेर जाते. त्यातच २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीनने क्विंटलमागे दहा हजारांचा आकडा ओलांडला होता, ही आठवण कोणाच्याही मनातून गेलेली नाही, आणि म्हणून ‘जरा थांबू, भाव वाढेल’ हे वाक्य दरवर्षी नव्याने उच्चारले जाते. लॅपटॉपच्या बाजूने याच घरात ‘जरा थांबू, दसऱ्याच्या सेलमध्ये उतरेल’ असे म्हटले जाते. परिणामी एक वस्तू भाव वाढण्याची वाट पाहत घरात पडून राहते, दुसरी भाव उतरण्याची वाट पाहत दुकानात पडून राहते, आणि मधल्या काळात विद्यार्थी सी भाषेचे प्रोग्राम वहीत लिहितो. वहीतला प्रोग्राम हँग होत नाही, हा त्यातला फायदा.

थांबण्याच्या या प्रवृत्तीला जागतिक इतिहास आहे. ॲडम ऑसबोर्न या गृहस्थांनी १९८१ मध्ये ऑसबोर्न-१ हा सुमारे अकरा किलो वजनाचा, पाच इंची पडद्याचा आणि १,७९५ डॉलर किमतीचा ‘उचलून नेण्याजोगा’ संगणक विकायला काढला, आणि तो उचलणाऱ्यांच्या कमरेची पर्वा न करता चांगला खपला. पुढे कंपनीने याहून चांगले यंत्र येत असल्याचे आगाऊ जाहीर केले. तेव्हा गिऱ्हाइके नव्याची वाट पाहत थांबली, जुना माल पडून राहिला आणि १९८३ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले, असे सांगितले जाते. या प्रकाराला ‘ऑसबोर्न परिणाम’ असे नाव पडले. आपले हे गृहस्थ लहानपणी तमिळनाडूत वाढले होते आणि २००३ मध्ये कोडाईकनाललाच वारले. म्हणजे ‘जरा थांबू’ म्हणणारा देश त्यांना चांगला परिचयाचा होता, तरीही त्यांनी आगाऊ घोषणा केली, याचे नवल वाटते.

किंमत ठरवून ती पाळणेही थोरांना जमलेले नाही. निकोलस निग्रोपॉन्टी या अमेरिकी विद्वानांनी जगातील मुलांसाठी शंभर डॉलरचा लॅपटॉप काढण्याचे २००५ मध्ये जाहीर केले. २००७ मध्ये तो तयार झाला, रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका लहानशा शाळेतही पोहोचला, परंतु तोवर त्याची किंमत १८८ डॉलरच्या आसपास गेली होती. अमेरिकेतील विद्वानांचे जर शंभराचे एकशे अठ्ठ्याऐंशी होतात, तर चाळीस हजार ठरवून गेलेला लातूरकर पन्नासवर येऊन थांबतो, हा संयमच म्हटला पाहिजे.

या संयमाच्या जोरावर काही जण जुन्या लॅपटॉपांकडे वळतात. मोठ्या कंपन्यांनी वापरून काढून टाकलेली, पुसून-पासून पुन्हा विक्रीला आलेली ही यंत्रे पंधरा-वीस हजारांत ‘आय-५’ मिळवून देतात, आणि फर्स्ट क्लासचे समाधान देतात. त्यांत चांगली यंत्रे असतातही. मात्र विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते आणि विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचा आय-५ म्हणजे पेन्शन बंद झालेला अधिकारी घरी आणण्यासारखे आहे. हे कुणी सांगितले तर “आपल्याला कुठं अकरा पायजे, धा बास हाय की” असे उत्तर मिळते, आणि अंकगणिताच्या दृष्टीने ते बिनतोड असते.

अखेर सेल लागतो. सेलमधील सवलत अमुक बँकेच्या क्रेडिट कार्डावरच मिळते, आणि ते कार्ड घरात कुणाकडेही नसते, हा या सेलचा मूळ पाया आहे. शोध घेता ते उदगीरच्या मावसभावाकडे निघते. येथून मावसभाऊ हा सतरावा सल्लागार बनतो, कारण कार्ड त्याचे असल्याने कंपनीही त्यालाच पटली पाहिजे. सर्व काही जुळते, बटण दाबले जाते, आणि ओटीपी, म्हणजे मोबाइलवर येणारा व काही मिनिटांतच बाद होणारा गुप्त अंक, मावसभावाच्या फोनवर जातो. मावसभाऊ त्या वेळी एका वरातीत डीजेसमोर असतो.

“दादा, ओटीपी सांग की!”

“काय? गोपी? गोपी न्हाई आला अजून!”

गोपी येईपर्यंत मुदत संपते, दुसरा ओटीपी येतो, पहिला सांगितला जातो, आणि तिसऱ्या चुकीला कार्ड त्या रात्रीपुरते बंद होते. सकाळी ते उघडते तेव्हा ती सवलत संपलेली असते, परंतु एक्स्चेंज ऑफर नावाची दुसरी सवलत सुरू झालेली असते, जिच्यासाठी जुना लॅपटॉप द्यावा लागतो. तेव्हा सर्वांच्या नजरा गुरुजींच्या कापडी खोळीकडे वळतात, आणि गुरुजी दोन दिवस दार लावून बसतात.

शेवटी लॅपटॉप दुकानातूनच येतो, पूर्ण किमतीला. त्यासाठी सोयाबीन त्याच आठवड्यात मोंढ्यावर घातलेले असते. खोके देवापुढे उघडले जाते, आजी झाकणावर कुंकवाचे बोट लावते, नारळ फुटतो आणि त्याचे पाणी कळफलकावर उडू नये म्हणून भाऊ आडवा पडतो. पडद्यावरील प्लॅस्टिक काढायचे नाही, हे सर्वानुमते ठरते. विद्यार्थी पहिला प्रोग्राम लिहायला बसतो, इतक्यात वडील त्याच्या शेजारी मांडी घालून बसतात.

“ते ऱ्हाऊ दे. आधी लातूरचा आजचा सोयाबीनचा भाव काढ.”

सोळा जीबी रॅम आणि एनव्हीएमई साठवण यांचा मिलाफ असल्याने बोट उचलायच्या आत पान उघडते, आणि भाव तीनशे रुपयांनी चढलेला दिसतो. भाऊ उत्साहाने दुसऱ्या खिडकीत याच लॅपटॉपचे नाव टाकतो. तेही पान तितक्याच तत्परतेने उघडते, आणि किंमत अडीच हजारांनी उतरलेली दिसते. वडील पडद्याकडे बराच वेळ पाहत राहतात.

“एवढं फास्ट घ्यायची काही गरज नव्हती.”